टपालावरची खूणचिठ्ठी

माझी आत्या अकोल्यास राहते आणि तिच्या मधुमेहाचे कागदपत्र मी अमरावतीहून सांभाळतो. दोन्ही गावांत सुमारे १०० किलोमीटरचे अंतर. त्यामुळे रक्ततपासणीचे अहवाल माझ्या ईमेलवर येतात. गेल्या वर्षी एका अहवालात क्रिएटिनिन वाढलेले होते. वीजबिल, विमा आणि जाहिराती यांच्या गर्दीत तो तीन आठवडे न उघडताच पडून राहिला. तोवर आत्या गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेतच होती. डॉक्टरांनी त्या तत्काळ थांबवल्या आणि मूत्रपिंडांवरचे संकट टळले. चूक मात्र माझीच होती.

तेव्हापासून मी संगणकालाच टपाल निवडायला लावले आहे. आपणही हे करू शकता. जीमेलच्या शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारा, प्रयोगशाळेचा ईमेल पत्ता भरा आणि ‘फिल्टर तयार करा’ हा पर्याय निवडा. मग ‘आत्याचे अहवाल’ असे लेबल द्या आणि हे टपाल स्पॅममध्ये जाऊ नये, अशी खूण करा. जुन्या टपालालाही तेच लेबल लावता येते. थंडरबर्ड वापरणाऱ्यांना रंगीत खुणा मिळतात; निवडलेल्या पत्रावर १ हा आकडा दाबला की ‘महत्त्वाचे’ ही खूण उमटते.

याचा खरा लाभ पुढे दिसतो. एचबीए१सी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते. असे चार अहवाल एका लेबलाखाली ओळीने आले की साखर कोणत्या दिशेने चालली आहे, ते डॉक्टरांना क्षणात समजते.

फिल्टर मात्र पत्र येताच एकदा काम करतो. ते नंतर उघडले की नाही, हे पाहत नाही. तेथे स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांची छोटी यादी, उपयोगी पडते. गूगलच्या ‘ॲप्स स्क्रिप्ट’मध्ये माझ्या भाच्याने थोड्याच ओळी लिहून दिल्या. त्या रोज सकाळी ठरल्या वेळी चालतात. तीन दिवस न वाचलेल्या अहवालावर ‘तातडीने पाहा’ असे दुसरे लेबल लावतात आणि मला एक आठवणपत्र पाठवतात. घरातला संगणक बंद असला तरी हे काम थांबत नाही, कारण ते गूगलच्या यंत्रणेवर चालते.

तीन गोष्टी मात्र पाळा. अशी स्क्रिप्ट आपले सर्व टपाल वाचण्याची परवानगी मागते. म्हणून ती अनोळखी माणसाकडून घेऊ नका आणि पासवर्ड कोणासही सांगू नका. केवळ ‘रिपोर्ट’ या शब्दावर फिल्टर लावू नका. ठगही तोच शब्द लिहितात. प्रयोगशाळेचा नेमका पत्ताच वापरा. आणि लेबल लागले म्हणजे अहवाल वाचला गेला, असे समजू नका. तो उघडून डॉक्टरांना दाखवणे आपल्याच हाती आहे. औषधे मनाने कमी-जास्त करू नका.

आता दर रविवारी मी ते लेबल उघडतो आणि आत्याला फोन करतो. ती आधी साखरेचा आकडा विचारते आणि मग, मी जेवलो का, ते.