कळव्याचा भार वाटून घ्या

मी डोंबिवलीची. आमच्याकडे गरीब घरातले दुखणे हाताबाहेर गेले की रुग्णवाहिका कळव्याचा रस्ता धरते. तिथले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय चालवते ठाणे महापालिका. रुग्ण मात्र कल्याण, भिवंडी, पार शहापूरहूनही येतात.

असा भार वाटून घेता येतो. पिरेनीज पर्वतातल्या सर्दान्या खोऱ्यात २०१४ पासून फ्रान्स आणि स्पेन मिळून एक रुग्णालय चालवतात. उभारणीला युरोपीय संघाने पैसा दिला. देश दोन, विमा-व्यवस्था दोन, तरी बाळंतपणे एकाच छताखाली! आपला तर जिल्हाही एकच, लोकलचा मार्गही एकच. कल्याण-डोंबिवली महापालिकेने कळव्याच्या खर्चात वाटा उचलावा, डॉक्टर आणि परिचारिका द्याव्यात. राज्य सरकारने दोन्ही महापालिकांना एका टेबलावर बसवून हा करार येत्या अर्थसंकल्पाआधी करून घ्यावा.