कंपनीच्या आधी विमान बघा!

फायनल इयर लागलं की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ठरलेले प्रश्न सुरू होतात. गेट द्यायची का? पुण्याला जायचं की हैदराबादला? एमपीएससीचा क्लास लावायचा का? हल्ली ह्या यादीत आणखी एक प्रश्न आला आहे. बी.टेक. झाल्यावर पायलट होता येते का हो?

येते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आपण सगळ्यांनीच घेतलेले. डीजीसीएचे पेपर आपल्या एम-थ्रीपेक्षा काही भयंकर नाहीत. डोळे, कान, हृदय यांची क्लास वन मेडिकल तपासणी पास झाली, 200 तासांचे उड्डाण पूर्ण झाले की कमर्शियल पायलट लायसन्स म्हणजे सीपीएल मिळते. आणि हे शिकायला अमेरिकेलाच गेले पाहिजे असेही नाही. आपल्या चांदा फोर्ट स्टेशनवरून जी गाडी नागभीडमार्गे गोंदियाला जाते, त्याच गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. देशातल्या नामांकित वैमानिक प्रशिक्षण संस्थांपैकी ती एक. म्हणजे झाडीपट्टीच्या डोक्यावर रोज विद्यार्थी वैमानिक घिरट्या घालतात आणि आपण मात्र समजतो की हे काम फक्त मुंबई-दिल्लीच्या पोरांचे!

पण आजचा माझा मुद्दा 'पायलट कसे व्हावे' हा नाही. त्यावर भाषणे भरपूर होतात. माझा मुद्दा त्यानंतरचा आहे. लायसन्स हातात आल्यावर पहिली नोकरी कुठे धरायची? मोठ्या कंपनीच्या रांगेत उभे राहायचे की छोट्या शहरांना जोडणाऱ्या रिजनल कंपनीत जायचे? आणि रिजनलमध्ये जायचे तर कोणत्या? ह्या एका निर्णयावर घरची शेती तारणात राहते की सुटते हे ठरते. म्हणून त्यावर बोलणे गरजेचे आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. सीपीएल म्हणजे आपली डिग्री. डिग्री मिळाली म्हणून कोणी तुम्हाला थेट औष्णिक केंद्राच्या टर्बाइनसमोर उभे करत नाही. त्या मशीनचे वेगळे शिक्षण लागते. विमानातही तसेच. ज्या प्रकारचे विमान चालवायचे, त्याचे 'टाइप रेटिंग' करावे लागते. एटीआरचे रेटिंग असलेला वैमानिक उद्या उठून एअरबस ए-320 चालवू शकत नाही. त्यासाठी पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा परीक्षा, पुन्हा लाखोंचा खर्च. बरेचदा हा खर्च नव्या वैमानिकाच्याच खिशातून जातो, किंवा कंपनी करते आणि बदल्यात काही वर्षांचा बॉण्ड लिहून घेते.

आता आपली पोट्टी काय करतात? कंपनीचे नाव बघतात, युनिफॉर्म बघतात, पगाराचा आकडा बघतात. कॅम्पस प्लेसमेंटला 'पॅकेज किती?' विचारतात तसेच. माझे म्हणणे असे की आधी विमान बघा, मग कंपनी. कारण कंपनी बंद पडू शकते, पण रेटिंग आणि लॉगबुकातले तास तुमच्याजवळ राहतात. प्रश्न एवढाच की ते रेटिंग विकत घेणारा दुसरा कोणी बाजारात आहे का?

उदाहरणे घेऊ. अलायन्स एअर ही सरकारी मालकीची कंपनी. तिचे मुख्य विमान एटीआर 72-600. दोन पंख्यांचे, सत्तरच्या आसपास सीटांचे, छोट्या धावपट्टीवर उतरणारे. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली ती ह्याच विमानाने. गोव्याची फ्लाय 91 मार्च 2024 मध्ये सुरू झाली, तीही एटीआरवरच. आणि गंमत म्हणजे इंडिगो, जिला आपण फक्त मोठ्या जेटची कंपनी समजतो, तिने डिसेंबर 2017 मध्ये एटीआर उडवायला सुरुवात केली आणि आज तिच्याजवळ चाळीसच्या वर एटीआर आहेत. म्हणजे एटीआरचे रेटिंग असले की देशात किमान तीन दारे वाजवता येतात.

दुसरीकडे कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर बघा. जानेवारी 2019 पासून उडते आहे, छोटी शहरे जोडते आहे, कौतुकच आहे. तिची विमाने एम्ब्रेअरची, आधी ईआरजे-145 आणि 2023 पासून ई-175. छान जेट आहे, आणि जेटचे तास लॉगबुकात चढतात हा मोठा फायदा. पण नियमित प्रवासी सेवेसाठी ई-175 वापरणारी कंपनी आपल्या देशात ती एकच. उद्या काही कारणाने ती नोकरी सोडावी लागली तर नवे रेटिंग आलेच. ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर 228 सारख्या एकोणीस सीटांच्या विमानांचे तर दार आणखीच अरुंद. याचा अर्थ तिथे जाऊच नये असा नाही. जा, पण स्वतःच्या पैशाने रेटिंग करून जाऊ नका. रेटिंगचा खर्च कंपनी करत असेल तरच एका दाराच्या घरात शिरा.

आपल्याला थर्ड इयरला रिडंडन्सी शिकवतात ना? एक पंप बंद पडला तर दुसरा तयार पाहिजे. विमानात हायड्रॉलिक सिस्टिम एकाहून जास्त असतात त्या काही शोभेसाठी नसतात. मग स्वतःच्या करिअरच्या डिझाइनमध्ये आपण सिंगल पॉइंट फेल्युअर काऊन ठेवतो बाप्पा?

कोणी म्हणेल, एवढी भीती कशाला? कंपन्या काय रोज बंद पडतात? रोज नाही, पण पडतात. चेन्नईची पॅरामाउंट 2010 मध्ये थांबली. बंगळुरूची एअर पेगासस 2016 मध्ये, विजयवाड्याची एअर कोस्टा 2017 मध्ये. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईहून जळगाव आणि नाशिकला छोटी विमाने घेऊन नव्याने उतरलेली एअर डेक्कन एप्रिल 2020 मध्ये थांबली. नांदेडला हैदराबादशी जोडणारी ट्रूजेट फेब्रुवारी 2022 मध्ये जमिनीवर आली. आणि मोठ्या म्हणजे सुरक्षित असेही समजू नका. किंगफिशर 2012, जेट एअरवेज एप्रिल 2019, गो फर्स्ट मे 2023. ही सगळी नावे एकेकाळी 'सेट झाला रे तू!' म्हणायची होती.

रिजनल कंपन्यांचे गणित समजायचे तर 'उडान' योजना समजली पाहिजे. एप्रिल 2017 मध्ये तिची पहिली फेरी उडाली. छोट्या शहराच्या मार्गावर तिकिटाचा दर मर्यादेत ठेवायचा आणि तोटा भरून काढायला कंपनीला तीन वर्षे अनुदान द्यायचे, असा तिचा सांगाडा. कल्पना चांगली. पण 2023 मध्ये कॅगने हिशेब मांडला तेव्हा काय दिसले? तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी फक्त 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकून राहिले ते 54. म्हणजे ज्या मार्गाच्या भरवशावर तुम्हाला नोकरी दिली जाते, त्या मार्गाला एक्स्पायरी डेट असू शकते.

लांब कशाला, गोंदियाच बघा. मार्च 2022 मध्ये फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. हारतुरे झाले, फोटो झाले, आणि काही महिन्यांत सेवा बंद. डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर हैदराबादहून उतरले. धावपट्टी तीच, गाव तेच. फरक कंपनीच्या खिशाचा. प्रवाशाचे काय, तो नागपूरला जाऊन दुसरे विमान पकडतो. पण एखादा मार्ग बंद झाला, विमान उभे राहिले, की त्यावर बसणाऱ्या वैमानिकाचे तास थांबतात. अनेक ठिकाणी पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, म्हणून पैसेही थांबतात. शिवाय हे कौशल्य लोणच्यासारखे बरणीत घालून ठेवता येत नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी, 90 दिवसांत ठराविक उड्डाणे-उतरणी, हे सगळे चालू ठेवावे लागते. आणि पुढे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल लायसन्ससाठी 1500 तास पाहिजेत. उभ्या विमानात बसून तास भरत नाहीत.

आता घरचा हिशेब. शिक्षण आणि रेटिंग मिळून समजा 60 लाखांचे कर्ज झाले, व्याज 10 टक्के. म्हणजे महिन्याला नुसते व्याज 50 हजार. मुद्दलाला हातही लागला नाही! एवढ्या रकमेला बँक तारण मागते, आणि मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शीकडच्या घरात तारण म्हणजे धानाची बांधी किंवा राहते घर. सहा महिने विमान उभे राहिले तर तीन लाख गेले. ज्याच्या बापाचा मुंबईत फ्लॅट आहे त्याला हा प्रयोग परवडेल. आपल्याला परवडत नाही. म्हणून आपण जास्त प्रश्न विचारले पाहिजेत, आणि नेमके आपणच लाजतो. "नोकरी देताहेत ना, मग कशाला वाकडे विचारायचे?" हीच आपली मानसिकता.

मग विचारायचे काय? पहिले, कंपनीची किती विमाने आज खरोखर उडत आहेत आणि किती सुट्या भागांअभावी उभी आहेत? दुसरे, नवा फर्स्ट ऑफिसर महिन्याला किती तास उडतो? हे एचआरला नाही, तिथल्या वर्षभरापूर्वी लागलेल्या वैमानिकाला विचारा. तिसरे, पगार दर महिन्याला तारखेवर होतो का? पगार लांबणे हा पहिला ताप, त्यापुढचा आजार तुम्हाला माहीतच आहे. चौथे, अनुदानावरचे मार्ग किती आणि त्यांची मुदत कधी संपते? पाचवे, बॉण्डचा कागद. कंपनीनेच पगार थकवला तर बॉण्ड सुटतो का, हे त्यात लिहिले आहे का? नसेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. त्याची फी फार तर काही हजार, बॉण्ड लाखांचा.

नोटीस पिरियडही लक्षात ठेवा. 2017 मध्ये डीजीसीएने तो सहवैमानिकासाठी सहा महिने आणि कमांडरसाठी एक वर्ष केला. 2023 मध्ये नोटीस न देता निघून गेलेल्या वैमानिकांविरुद्ध अकासा एअर कोर्टात गेली होती. म्हणजे 'नाही जमले तर सोडून देऊ' हे इथे आयटी कंपनीइतके सोपे नाही. आत जाताना विचार करा, बाहेर पडताना उशीर झालेला असतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग थेट मोठ्या कंपनीचीच वाट बघावी. मी सहमत नाही. एकट्या 2023 मध्ये डीजीसीएने 1622 सीपीएल दिले. मोठ्या कंपनीची रांग लांब आहे आणि रांगेत उभ्या माणसाचेही व्याज चालूच असते. शिवाय एटीआरवर काम करणारा पोरगा दिवसाला चार-चार छोट्या फेऱ्या करतो. जेटवरचा दोन लांब फेऱ्या करतो तेवढ्यात हा चार वेळा उतरवतो. पावसाळ्यात, धुक्यात, आखूड धावपट्टीवर. त्याचा हात लवकर बसतो. रिजनल म्हणजे दुय्यम हा समज काढून टाका. माझ्या मते चांगल्या स्थितीतल्या कंपनीतले एटीआर हे आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात शहाणपणाचे पहिले पाऊल आहे. आणि हे मुलींच्या होस्टेललाही तितकेच सांगतो. भारतात सुमारे 15 टक्के वैमानिक महिला आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त.

आता थोडे आपल्या सरांना आणि मॅडमना. ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल दरवर्षी सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावते, सिमेंटवाल्यांना बोलावते. एकदा एखाद्या काम करणाऱ्या एटीआर वैमानिकाला आणि शैक्षणिक कर्ज बघणाऱ्या बँक अधिकाऱ्याला एकाच व्यासपीठावर बोलवावे ही नम्र विनंती. प्रशिक्षण संस्थांचे एजंट येऊन रंगीत माहितीपत्रके वाटून जातात, त्यांच्यासमोर पोरांच्या हातात खरे आकडे पाहिजेत.

चंद्रपूरला मोरव्याची धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून कुठे जाता येत नाही. राजुऱ्याकडच्या मूर्ती-विहीरगावच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. गडचिरोलीच्या लोकांना विमानापेक्षा पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा आवाज जास्त ओळखीचा. कधीतरी ह्या जंगलातही छोटे पंख्याचे विमान उतरेल आणि ते बहुधा रिजनल कंपनीचेच असेल. ते चालवणारा किंवा चालवणारी आपल्याच कॉलेजची असावी असे मला मनापासून वाटते. पण कर्जाच्या हप्त्याने झोप उडालेली नसावी, एवढीच अट. तेव्हा स्वप्न खुशाल मोठे बघा, फक्त सही करण्याआधी कागद पुन्हा एकदा वाचा!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी