सरकारचे कान कोणासाठी?

30 जुलै 2000 च्या रात्री वीरप्पनने कन्नड चित्रसृष्टीचे सम्राट राजकुमार यांना गाजनूरच्या शेतघरातून पळवून नेले आणि 108 दिवस अरण्यात ओलीस ठेवले. त्यास आता पंचवीस वर्षे उलटली. ओलिसांसाठी सरकारने दहशतवाद्यांशी वाटाघाटी कराव्यात की नाहीत, हा वाद जगात वारंवार माजतो. सीमाभागातील मराठी माणसाने त्याचे उत्तर गाजनूरच्या प्रकरणात शोधावे. वीरप्पनला दहशतवादी म्हणावे की निव्वळ चंदनचोर, याचा काथ्याकूट आम्ही करीत नाही. निरपराध माणसाच्या छातीवर बंदूक रोखून सरकारकडे मागण्या करणारा, एवढी ओळख आम्हांस पुरेशी आहे.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. राजकुमार हे गोकाक अहवालासाठी झालेल्या आंदोलनाचे अग्रणी होते, आणि त्या आंदोलनाने कन्नडसक्तीला जे बळ दिले त्याची झळ आमच्या मुलांना लागली. तथापि एकाहत्तर वर्षांच्या कलावंताला रानोमाळ फरफटत नेणे हे पापच होते. त्यांचा जीव वाचावा म्हणून कर्नाटक व तामिळनाडू सरकारांनी अरण्यात दूत धाडला, यासाठी आम्ही त्यांना बोल लावीत नाही. (हा दूत, ‘नक्कीरन’चे आर. आर. गोपाल, आमच्याच व्यवसायातला. संपादकाचाही सरकारला कधी उपयोग वाटतो, हे त्या निमित्ताने कळले!) ‘बोलणेच नको’ अशी गर्जना करणाऱ्यांच्या घरातले माणूस बहुधा ओलीस नसते.

परंतु बोलणे निराळे आणि देणे निराळे. म्हैसूरच्या तुरुंगात टाडाखाली असलेल्या वीरप्पनच्या साथीदारांवरील आरोप मागे घेण्यास कर्नाटक सरकार तयार झाले. 1992 साली त्याच्या टोळीने ठार केलेल्या एका फौजदाराचा वृद्ध पिता त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्याचा मुलगा सरकारच्या चाकरीत मेला, त्यालाच त्या सरकारशी भांडावे लागले! 7 नोव्हेंबर रोजी न्यायालयाने त्या पित्याच्या बाजूने निर्णय दिला, आणि 15 नोव्हेंबरला राजकुमार सुखरूप परतले. पैसे पोचल्याचे आरोप पुढे झाले, सरकारने ते नाकारले. म्हणून केवळ कणखरपणामुळे सुटका झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण न्याय विकल्यावाचून सुटका होऊच शकत नव्हती, हा सरकारचा दावा मात्र खोटा ठरला. त्याआधी वर्षभरही झाले नव्हते, कंदाहारला विमानातील प्रवाशांसाठी तीन अतिरेकी सोडले गेले. त्यांपैकी मसूद अझहरने थोड्याच काळात ‘जैश-ए-महंमद’ उभी केली. सोडलेल्या माणसाची किंमत पुढे भलत्याच घरांना मोजावी लागते. आणि वीरप्पनचा धीर तरी कोठे खचला? 2002 साली त्याने माजी मंत्री नागप्पांना पळविले; त्यांचे प्रेतच हाती आले.

आता आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. वीरप्पनच्या दहा मागण्यांत कावेरीचे पाणी होते, 1991 च्या दंगलीत पोळलेल्या तामिळांची भरपाई होती, आणि कर्नाटकात तामिळला दुसऱ्या कारभारभाषेचा दर्जा द्यावा, अशीही एक मागणी होती. दोन राज्यांचे मुख्यमंत्री एकत्र बसले आणि त्यांनी एकेका मागणीला उत्तर तयार करून अरण्यात पाठविले. पन्नासाहून अधिक माणसांच्या खुनाचा आरोप असलेल्या इसमाच्या तोंडून आलेला भाषेचा प्रश्न काही दिवसांत मंत्रालयाच्या मेजावर आला!

हाच प्रश्न आम्ही 1956 पासून मांडीत आहोत. सत्याग्रह केले, तुरुंग भोगले, गोळ्या झेलल्या. सेनापती बापट वृद्धपणी उपोषणास बसले. जेथे भाषिक अल्पसंख्य 15 टक्के आहेत तेथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, ही आमची मागणी आम्ही रचलेली नाही. ती केंद्राने व मुख्यमंत्र्यांनीच मान्य केलेली तरतूद आहे. तिच्यासाठी किती निवेदने दिली याची गणती आम्हीही सोडून दिली आहे. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेला सीमादावा वीस वर्षांनंतरही निकाली निघाला नव्हता.

यावरून कोणी तरुण भलताच धडा घेईल, ही आमची खरी चिंता आहे. तसे प्रश्न आम्हांस विचारले गेले आहेत, सभा संपल्यावर, हळू आवाजात. आम्ही त्यांना नागप्पांचे प्रेत आणि त्या फौजदाराचा पिता आठवायला सांगतो. सरकारने त्यांना काय सांगावे, हे सरकारने ठरवावे. येत्या 1 नोव्हेंबरला आमचे लोक काळ्या फिती लावून निघतील, तेव्हा त्यांच्या हाती तेच जुने निवेदन असेल. ते घेऊन त्याला मुद्देसूद लेखी उत्तर देईल असा एक जबाबदार अधिकारी त्या दिवशी कचेरीत हजर ठेवावा, एवढी आमची आजची मागणी आहे.