चांदीवरची बाई आणि तिचा गरुड

धनत्रयोदशीला सराफाकडे चांदीचे नाणे घेऊन गेलात, तर तो ते आधी काट्यावर टाकतो. वरची लक्ष्मी उभी आहे की बसलेली, हे त्याच्या गावीही नसते. घरात मात्र तेवढेच पाहिले जाते. राणीछाप रुपया चौरंगावर मांडल्याशिवाय लक्ष्मीपूजन झाल्यासारखे न वाटणारी घरे अजून आहेत. वजन सराफाचे, चित्र आपले! म्हणूनच अमेरिकेतल्या नाणेवेड्यांचा चित्रावरून चालणारा वाद मला मुळीच परका वाटला नाही.

त्या नाण्याचे नाव 'सिल्व्हर ईगल'. ते १९८६ साली निघाले. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आपल्या पावणेतीन तोळ्यांना जरासे कमी. हजारात ९९९ भाग चांदी. आणि अंगावर किंमत लिहिली आहे एक डॉलर! त्या भावाने ते कोणी वाण्याला दिले, तर वाणी त्याला जन्मभर दुवा देईल. हे नाणे फिरण्यासाठी नाहीच, कपाटात बसण्यासाठी आहे.

त्याच्या एका बाजूला स्वातंत्र्यदेवी आहे. अंगावर राष्ट्रध्वजाचे वस्त्र, डाव्या हातावर डहाळ्या, उजवा हात पुढे केलेला, आणि उगवत्या सूर्याकडे ती अशी झपझप चालली आहे, की तिला हाक मारायचा धीर होऊ नये. अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने तिला १९१६ च्या अर्ध्या डॉलरसाठी घडवले. हे गृहस्थ मूळचे जर्मनीतले, लहानपणी अमेरिकेत आलेले. ते अर्धे डॉलर १९४७ पर्यंत चालले आणि पुढे ३९ वर्षांनी देवीला पुन्हा बोलावणे आले. तिच्या पाठीशी मात्र गरुड बसवला तो जॉन मर्कंटी यांचा. छातीवर ढाल, पंख ताणलेले, डोक्यावर तेरा तारे. काम सफाईचे, पण पाहताना सरकारी लखोटा आठवतो. नाणेवेड्यांचा रोष होता तो या गरुडावर.

मग सूचनांना काय तोटा! कोणी म्हणे, वाइनमनने त्याच अर्ध्या डॉलरच्या मागे खडकावरचा गरुड कोरला होता, तो आणून जोडी जुळवा. कोणी म्हणे, १८३६ च्या डॉलरवरचा गोब्रेख्टचा उडता गरुड घ्या. काहींना चीनच्या पांडाचा हेवा. तिथे चांदीच्या नाण्यावरचे अस्वल बहुधा दरसाल नवे असते. २००२ साली आदल्याच वर्षीचे चित्र पुन्हा छापले, तर संग्राहक नाराज झाले आणि पुढच्या साली अस्वल बदलले.

पण अमेरिकेत कायदा आडवा येतो. एका बाजूला स्वातंत्र्याचे प्रतीक आणि दुसऱ्या बाजूला गरुड, हे कायद्यातच लिहिले आहे. शिवाय काँग्रेसला विचारल्याशिवाय २५ वर्षांत एकदाच चित्र बदलता येते. पहिली २५ वर्षे २०११ मध्ये भरली. बदल व्हायला २०२१ उजाडले.

तेव्हा एमिली डॅमस्ट्रा यांचा गरुड आला. ओकची डहाळी घेऊन तो खाली उतरतो आहे, घरट्याला काड्या नेणाऱ्या पाखरासारखा. मला हा अधिक आवडतो. पहिला पहारेकरी होता, हा संसारी आहे. देवी तीच राहिली, फक्त जुन्या मूळ कामावरून अधिक रेखीव केली आणि वाइनमनची सही तिच्याजवळ आली. खोटी नाणी ओळखता यावीत म्हणून कडेच्या दात्यांत एक जागा मुद्दाम मोकळी सोडली. खरे सांगायचे तर सामान्य माणसाच्या कामाचा बदल तो हाच. त्या एका वर्षी दोन्ही गरुड निघाले, आणि तक्रार करणाऱ्यांनीही दोन्ही विकत घेतले.

माझा भाचा तिकडे असतो. मुलगी २०१० साली झाली, तेव्हापासून तिच्या वाढदिवसाला एक नाणे डब्यात टाकतो. दरसाल नव्या चित्राची कल्पना मी त्याला ऐकवली, तर तो एकदम चिडला. "मामा, उद्या अडीनडीला पोरीला ही मोडायची वेळ आली, तर पाहताक्षणी समोरच्याला ओळखता आली पाहिजेत. रोज वेश बदलणाऱ्याला उधार कोण देतो?"

"अरे, पण संग्रहाची मजा?"

"मजा त्यांची. माझी ही शिल्लक आहे."

आमच्या सौ.ला दोघांचेही पटले नाही. तिच्या मते पोरीलाच विचारायला हवे. विचारले. पोर म्हणाली, मागच्या बाजूला गरुडाची दोन पिल्ले हवीत, म्हणजे डहाळी कोणासाठी ते कळेल. तशी पिल्ले त्यांच्या सोन्याच्या नाण्यावर १९८६ पासून २०२१ पर्यंत होतीच, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

कायद्याच्या हिशेबाने पुढचा बदल २०४६ च्या आत सहजी होत नाही. तोवर ती ३६ वर्षांची होईल. चित्र तिने काढून ठेवले आहे. भाच्याने ते डब्यातच ठेवले आहे, नाण्यांच्या खाली.