पिवळी फुलपाखरे आणि मुकादमाची वही

दिवाळी अंकाच्या संपादकाने आरंभी सरत्या वर्षाचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे, आणि तो पाळावयाचा तर कागद महागला, टपालखर्च वाढला, पाऊस यंदाही आपली मुदत संपल्यावर रेंगाळला आणि तरीही आपण वर्गणीदार मंडळींनी श्रावणापासूनच अंकाची पृच्छा आरंभली, एवढे नमूद केले म्हणजे आढावा पुरा झाला असे समजावे. यंदा मनात जे साचून राहिले आहे ते निराळेच असून त्याचा संबंध आमच्याकडे आलेल्या हस्तलिखितांच्या गठ्ठ्याशी आहे.

या गठ्ठ्यात फुलपाखरे फार झाली आहेत. कथा उघडावी तो कोणी स्त्री हवेत तरंगते आहे, मृत आजोबा ओसरीवर सुपारी कातरीत बसले आहेत, पाऊस महिनोन्महिने थांबत नाही आणि भिंतीतून मोगरा फुटतो आहे. यांपैकी कशालाही आमची हरकत नाही. परंतु ती स्त्री कोणत्या गावची, तिच्या घरी जमीन किती आणि तिजवर कर्ज कोणाचे, आजोबा जिवंतपणी कोणता व्यवसाय करीत, हे कथा संपली तरी कळू नये, आणि सोबतच्या पत्रात मात्र गार्सिआ मार्केझचे नाव न चुकता असावे, याचे काय करावे? आक्षेप घ्यावा तर ‘आपणांस वास्तवाचेच व्यसन आहे’ असे उत्तर येते. आहे खरे.

परकीय साहित्याचे आम्हांस वावडे आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. ज्या काशीनाथ रघुनाथांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या परंपरेची मुहूर्तमेढ रोवली, त्यांनी बंगाली वाङ्मयाच्या प्रेमापायी मूळचे आजगावकर हे आडनाव टाकून ‘मित्र’ हे घेतले होते. त्यांच्या वारसांनी परभाषांकडे पाठ फिरविणे शोभणार नाही. तक्रार आहे ती अर्धवट उसनवारीबद्दल.

मार्केझची १९६७ साली प्रसिद्ध झालेली ती शंभर वर्षांच्या एकांताची कादंबरी ज्यांनी सावकाश वाचली असेल, त्यांना आठवत असेल की ज्याच्याभोवती पिवळी फुलपाखरे भिरभिरतात तो मॉरिसिओ बाबिलोनिया हा केळी कंपनीच्या गॅरेजातील शिकाऊ मेकॅनिक आहे. ज्या घरातील मुलीवर त्याचे प्रेम बसते त्या घरची मालकीण फर्नांदा, आपल्या कोंबड्या चोरीस जात आहेत अशी बतावणी करून, परसात पहारा बसविते, आणि पाठीत गोळी लागलेला तो तरुण उरलेले आयुष्य कोंबडीचोर या लौकिकासह बिछान्यावर काढतो. आमच्या लेखकांनी फुलपाखरे तेवढी उचलली. गॅरेज, कोंबड्या आणि खालच्या थरातल्या जावयाविषयीचा तो तिरस्कार तिकडेच राहिला. रेमेदिओस नावाची सुंदरी घडी घालण्यासाठी धरलेल्या चादरींसह सदेह आकाशात जाते हा प्रसंग तर सर्वतोमुखी आहे, पण ती गेल्यानंतर हीच फर्नांदा देवाजवळ आपल्या चादरी परत मागत राहते, हे कितीजणांच्या ध्यानात असते? स्वर्गारोहणाने त्या घरात कोणाचे काही अडले नाही; चादरींचे नुकसान तेवढे झाले. तुकोबांचे सदेह वैकुंठगमन बालपणापासून ऐकलेल्या वाचकाला आरोहणाचे नवल ते काय? लेखकाची मातब्बरी त्या चादरींच्या तगाद्यात आहे.

त्याच कादंबरीतला सर्वांत अचाट चमत्कार तर कोणी चमत्कार म्हणून मोजीतच नाही. केळीच्या मळ्यांतील मजूर गाऱ्हाणी घेऊन कोर्टात जातात, तेव्हा हे सारे लोक तात्पुरते लावलेले असल्यामुळे कंपनीच्या नोकरीत कधी मजूर नव्हतेच असा युक्तिवाद वकील करतात, आणि न्यायासन गंभीरपणे निवाडा देते की असे मजूर अस्तित्वातच नाहीत. पुढे गोळीबार होतो, तीन हजार प्रेते आगगाडीतून समुद्राकडे रवाना होतात, आणि त्यांतून वाचून परतलेल्या एकट्या माणसाला गावकरी सांगतात की येथे कोणी मेलेच नाही. हा गोळीबार कोलंबियातील सिएनागा येथे डिसेंबर १९२८ मध्ये खरोखर झाला. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे: जबाबदार सेनाधिकाऱ्याने पुढे ४७ मान्य केले, आणि तीन हजार हा आकडा आपण कादंबरीच्या व्याप्तीला साजेसा म्हणून वाढवून घेतल्याचे मार्केझनेही नंतर सांगितले. परंतु संपकऱ्यांना गुन्हेगार ठरविणाऱ्या जाहीरनाम्याखालचे त्या सेनाधिकाऱ्याचे नाव त्याने बदलले नाही. तो कार्लोस कोर्तेस वार्गास कादंबरीतही स्वतःच्याच नावाने सही करतो.

हुआन रुल्फोचा ‘पेद्रो पारामो’ १९५५ सालचा, म्हणजे माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा समवयस्क. माणदेशातली वाडी दुष्काळाने ओस पडते. मेक्सिकोतील कोमाला गाव ओस पडते ते जमीनदार पेद्रोने गावावर राग धरून हात बांधून बसण्याचे ठरविले म्हणून. तेथे मेलेले बोलतात खरे, पण पेद्रोने आपल्या डोक्यावरील कर्ज फेडण्याऐवजी धनको स्त्रीशीच लग्न लावून हिशेब कसा मिटविला हे लक्षात घेतले नाही, तर ते काय बोलतात हे कळणार नाही. टोनी मॉरिसनच्या १९८७ सालच्या ‘बिलव्हेड’मध्ये मेलेली मुलगी घरी परत येते. त्या कथेमागे १८५६ सालचे मार्गारेट गार्नर प्रकरण आहे: केंटकीतून पळालेल्या त्या गुलाम स्त्रीने पोर पुन्हा दास्यात जाऊ नये म्हणून तिला स्वहस्ते मारले, आणि कायद्यापुढे प्रश्न असा पडला की तिच्यावर माणूस म्हणून खुनाचा खटला भरावा की मालमत्ता म्हणून तिला मालकाच्या ताब्यात द्यावे. तिला ताब्यात दिले गेले. असल्या दप्तरापुढे परत आलेल्या मुलीचे भूत फारच समंजस वाटते.

लागोसच्या मजूर खात्यात निरोप्याचे काम करणाऱ्या आमोस टुटुओलाला मात्र या शोकाच्या हिशेबात बसविता येत नाही. १९५२ सालच्या त्याच्या कथेतला रुबाबदार गृहस्थ हात, पाय, त्वचा असे सारे अवयव भाड्याने आणलेला असतो, आणि घरी परतताना वाटेत प्रत्येक मालकाला त्याचा अवयव भाड्यासह चुकता करीत शेवटी नुसती कवटी होऊन उरतो. काय ती व्यवहाराची चोख शिस्त!

आपल्याकडेही अद्भुत हे असेच कागदाच्या बाजूने आलेले आहे. परंपरा सांगते की पैठणात रेड्याच्या मुखी वेद आले. पण ज्ञानेश्वरादी संन्याशाची मुले पैठणास गेली कशासाठी? शुद्धिपत्रासाठी. ते पत्र मागण्याची वेळ त्यांच्यावर आणली नसती तर रेड्याला वेद म्हणण्याचे कारण पडले नसते.

हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास बीडकडील गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे ट्रॅक्टरांवर चढत असतील. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायको त्याच्या वहीत दोन माणसे म्हणून लिहिले जात नाहीत. त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि एकटा असला तर तो अर्धा. आजारपणाने काम चुकले की खाडा लागतो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे बहुधा नसतातच, म्हणजे ज्यांच्या तोडणीवाचून गाळप होत नाही ते तेथे कामाला नाहीत. दोन जिवंत माणसांचे एक लोखंडी अवजार होते, याहून विलक्षण रूपांतर आमच्या गठ्ठ्यातल्या एकाही कथेत नव्हते.

परभाषांतील कथांच्या अनुवादांना यंदा नेहमीपेक्षा अधिक पाने दिली आहेत, ती अर्धवट उसनवारीच्या या रागापोटीच असे म्हटले तरी चालेल. मराठी कथा त्यामुळे संख्येने कमी पडल्या, याबद्दल कोणास राग आला तर तोही रास्तच आहे. पुढील अंकासाठी हस्तलिखिते ज्येष्ठ संपेपर्यंत पाठवावीत. फुलपाखरे असल्यास हरकत नाही, परंतु गाव, तालुका आणि पात्राचा धंदा कथेत स्पष्ट असावा.