तोंड सुकायलंय, दुसरं काय!

हिवाळ्यात नांदेडला घरी गेलो की पहिल्याच रात्री पहाटे चारला जाग येते, तोंडात कुणीतरी ज्वारीचं पीठ भरून ठेवल्यासारखं वाटतं. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ फुटलेले. पुण्यात इतकं होत नाही. बरीच वर्षं मी याचं खापर सरळ थंडीवर फोडत आलो. तुम्हीही फोडत असाल. गेल्या डिसेंबरपासून मात्र बंद केलंय.

आता थंडीचा काहीच दोष नाही असं नाही. मराठवाड्यात समुद्र लांब, हवा मुळातच कोरडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी चक्क २८-३०. गार हवेत बाष्प कमी मावतं, आणि तीच हवा दुपारी तापली की आणखी कोरडी वाटते. त्यात सर्दीने नाक चोंदलं की रात्रभर तोंडाने श्वास. लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होते, पण झोपेत ती जवळजवळ थांबतेच. शिवाय थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी कमी आणि चहा जास्त.

लातूरच्या आत्याकडे तर पाणी हा हिशेबाचाच विषय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, आठवत असेल. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पुढे ५० झाल्या. ती गाडी केव्हाच बंद झाली, पण आत्या अजून अर्धाच पेला भरून देते. "लागलं तर आणखी घे की." मग आपण मागत नाही. तिच्याकडे हिवाळ्यात पोटभर काही पितो ते फक्त वेळा अमावस्येला. शेतात बसून आंबिलीचे तांब्यावर तांबे! त्या दिवशी कुणाचंही तोंड सुकत नाही. (दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.)

तर मुद्दा अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७१, प्रोस्टेट थोडं वाढलेलं. गेल्या डिसेंबरात त्यांना सर्दी झाली. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप कायम असते, ती मी त्यांना दिली. सकाळ-संध्याकाळ एक. दोन दिवसांनी भाकरी गिळताना ते सारखं पाणी घ्यायला लागले. बोलताना जीभ अडखळायची. विचारलं तर म्हणाले, "थंडी हाय, तोंड सुकायलंय, दुसरं काय!" मीही म्हणालो, होतं असं. आईने लिमलेटच्या गोळ्या आणून ठेवल्या.

चौथ्या रात्री त्यांची लघवी तुंबली. पूर्ण. पहाटे तीनला रिक्षा शोधून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा ते वेदनेने वाकून गेले होते. नळी घातल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "सर्दीची गोळी घेतली का?"

मागाहून वाचलं तेव्हा उलगडलं. सर्दीच्या बऱ्याच एकत्र गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. पहिलं औषध अ‍ॅसिटिलकोलिनचा निरोप अडवतं. लाळग्रंथींना "लाळ सोडा" हे सांगणारा निरोप तोच, आणि मूत्राशयाला "आवळा" हे सांगणाराही तोच. दुसरं औषध मूत्राशयाचं तोंड आवळून धरतं. म्हणजे एकीकडे पंप बंद आणि दुसरीकडे नळही बंद! वाढलेलं प्रोस्टेट असेल तर मग अडकणारच. तोंड कोरडं पडणं ही त्यातली पहिली वॉर्निंग होती. कोड कंपाइल करताना वॉर्निंग आली की मी ज्युनियर पोरांवर ओरडतो, आणि इथे घरात वॉर्निंग आली तर तिच्यावर लिमलेट ठेवलं.

म्हणून माझं मत असं, की हिवाळ्यात तोंड कोरडं पडलं तर थंडीच्या आधी गोळ्यांची चौकशी करा. अ‍ॅलर्जीच्या, डिप्रेशनवरच्या, लघवीच्या, बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. (डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, विचारायचं.) रात्री सारखी तहान आणि सारखी लघवी, दोन्ही असेल तर शुगर तपासा. आणि आईवडिलांना आपल्या बॅगेतली स्ट्रिप देऊ नका. हे मी कुणाला शिकवत नाहीये, स्वतःलाच बजावतोय.

घरगुती उपायांबद्दल आमच्याकडे उत्साह भारी. लिमलेट, पेपरमिंट, खडीसाखर चघळली की बरं वाटतं खरं, पण दात वाचवणारी लाळच नसताना तोंडात साखर घोळवत ठेवली की दात किडायचेच. ज्येष्ठमध अधूनमधून ठीक, पण रोज चघळलं तर बीपी वाढू शकतं. सुपारीबद्दल काय बोलायचं! गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या कुणाच्या खिशात नाहीत ते सांगा. सुपारीने क्षणभर लाळ सुटते, आणि कायमच्या सवयीने तोंड उघडायचं बंद होतं. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युइंगगम बरं. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. नाक चोंदलं असेल तर झोपण्याआधी वाफ किंवा मिठाच्या पाण्याचे थेंब, म्हणजे तोंड मिटून झोपता येतं. आणि पाणी एकदम तांब्याभर नाही, दिवसभर थोडं थोडं. रात्री उठावं लागेल म्हणून अण्णा संध्याकाळनंतर पाणी बंदच करायचे. आता त्यांचा कोटा दुपारीच संपवतो.

नळी चार दिवसांनी निघाली. अण्णा आता बरे आहेत, फक्त मी फोनवर "सर्दी आहे का?" विचारलं की लगेच म्हणतात, "हाय की, पण तुझी गोळी नको."