पोर हट्टी नाही, त्याला खरेच टोचते

पावसाळा लागला की आपल्या कळंब भागात पत्र्याच्या घरात शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. मोठ्यांना त्याची सवय असते. पण काही मुले पहिल्याच सरीला कान दाबून कोपऱ्यात शिरतात, किंचाळतात, कुणाला हात लावू देत नाहीत. शाळेचा नवा कडक गणवेश अंगावर विंचू पडावा तसा काढून फेकतात. मऊ भाताचा घास तोंडात गेला की ओकतात. याच्या उलट काही मुले गुडघा फुटला तरी रडत नाहीत, सदऱ्याची कॉलर चघळत बसतात, गरगर फिरतात आणि तरी त्यांना घेरी येत नाही. घरातला निकाल मात्र ठरलेला : आईने लाडावून ठेवलंय. मग बापाचा हात उठतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर भगताच्या दारी वारी होते.

आम्ही स्पष्ट सांगतो, हा हट्ट नव्हे आणि बाधा तर नव्हेच नव्हे. कान, डोळे, कातडी, जीभ, नाक यांच्याकडून मेंदूकडे सारख्या वर्द्या जात असतात. शिवाय कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि सांधे-स्नायू हेही आपली खबर देत असतात. मेंदू त्यातले बिनकामाचे बाजूला सारतो. अंगात सदरा आहे हे आपल्याला दिवसभर आठवत नाही, ते याचमुळे. काही मुलांच्या मेंदूत ही चाळणी निराळी असते. कुणाला थोडेसुद्धा फार होते, कुणाला फारसुद्धा पोहोचत नाही. अमेरिकेतील डॉ. जीन आयर्स यांनी १९७२ साली यावर ग्रंथ लिहिला. हा स्वतंत्र आजार मानावा की नाही यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. स्वमग्नतेच्या म्हणजे ऑटिझमच्या लक्षणांत मात्र २०१३ पासून याची नोंद आहे. म्हणून असे प्रत्येक मूल स्वमग्न ठरत नाही. पण बोलणे उशिरा येत असेल, हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, तर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत.

टेंपल ग्रँडिन ही अमेरिकन बाई स्वतः स्वमग्न. लहानपणी कुणी मिठी मारली तर तिला सहन होत नसे, पण अंग दाबले जावे असे वाटे. नातेवाइकांच्या गुरांच्या गोठ्यावर फळ्यांमध्ये दाबून धरलेली जनावरे शांत होताना तिने पाहिली आणि स्वतःसाठी तसेच यंत्र बनवले. पुढे ती प्राध्यापक झाली. आपल्या घरी यंत्र कशाला? आईची जाड गोधडी आहे. मुलाला आवडत असेल तरच अंगाभोवती गुंडाळावी, तोंड उघडे ठेवावे. अर्धी कळशी उचलायला द्यावी, गादी ढकलायला सांगावी. अशा जोराच्या कामाने बरीच मुले निवतात. नवा कपडा दोन-तीनदा धुवून घालावा, मानेकडची चिठ्ठी उसवावी. मिक्सर लावण्याआधी सांगावे. ज्याला दुखणे कळत नाही त्याचे हातपाय रोज रात्री बघावेत, चुलीपाशी त्याला एकटे सोडू नये.

या कामाचे शिकलेले माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. भारतात हे शिक्षण कमलाताई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. नेरळहून परळ गाठायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी गावातच विचारावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात, पैसे लागत नाहीत. ते येतील त्या दिवशी आईने स्वतः हजर राहावे. कोणत्या आवाजाने, कोणत्या कपड्याने, कोणत्या घासाने काय होते ते कागदावर लिहून न्यावे. लिहिता येत नसेल तर ताईंकडून लिहून घ्यावे. पुढे जिल्ह्याच्या केंद्राची चिठ्ठी मागावी.

राहता राहिली जयंती. डीजेच्या भिंतीपुढे कान झाकून रडणाऱ्या पोराला खांद्यावर घेऊन उभे राहण्यात बाबासाहेबांचा कोणता मान राहतो, हे आम्हाला समजत नाही. अशा मुलाला सकाळच्या वंदनेला, स्पीकर लागण्यापूर्वी न्यावे आणि मिरवणुकीच्या वेळी घरातल्या कुणीतरी त्याच्याजवळ थांबावे. दरवर्षी आईनेच नव्हे.